नारायणरावांचं भूत रंगमंचावर आणताना
(कपडेपट, प्रकाश आणि ध्वनीचं साहित्य भाड्याने नेणाऱ्या हौशी नाट्यसंघांसाठी)

नमस्कार मंडळी,

नारायणराव पेशव्यांवर नवं नाटक बसवणारे संघ आमच्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांची पहिली मागणी धुराच्या मशीनची असते. आमचं कळकळीचं सांगणं आहे, धुराचं सगळ्यात शेवटी ठरवा.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. तेव्हा ते जेमतेम १८ वर्षांचे होते. पुनवेच्या रात्री वाड्यात ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, असं पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. म्हणजे हे भूत आधी कानाला भेटतं. म्हणून पहिला खर्च एका चांगल्या स्पीकरवर करा आणि तो मंचावर न ठेवता प्रेक्षकांच्या पाठीमागे ठेवा. हाक मागून आली की सगळं नाट्यगृह मान वळवतं. आवाजही कोवळ्या मुलाचाच घ्या. चाळिशीतल्या नटाच्या तोंडी ती हाक शोभत नाही.

भूत दाखवायचंच असेल तर जाळीचा पडदा न्या. समोरून तिरका प्रकाश टाकला की तो भिंतीसारखा दिसतो. समोरचा दिवा मंद करत मागचा वाढवला, की त्याच भिंतीतून माणूस हळूहळू उमटतो. डिमरवर हात सावकाश फिरवायचा, एवढंच कौशल्य. दुकानात या, पाच मिनिटांत करून दाखवतो. मागे काळा पडदा मात्र हवाच, नाहीतर विंगेतली खुर्चीसुद्धा दिसते.

कपड्यांत सर्वात मोठी चूक पगडीची होते. पुणेरी पगडी एकोणिसाव्या शतकातली, ती पेशव्यांच्या डोक्यावर चढवू नका. पेशवाई पगडी वेगळी मिळते, डोक्याचं माप घेऊन या. अंगरखा, उपरणं, भिकबाळी संचातच असतात. आनंदीबाईंसाठी नऊवारी आणि नथ सांगून ठेवावी लागते. खुनाच्या प्रसंगात खोटं रक्त वापरणार असाल तर आधी सांगा, त्यासाठी जुना अंगरखा वेगळा काढून देतो. चांगल्या पांढऱ्या अंगरख्यावरचा तो डाग आम्हाला आजवर एकदाही पूर्ण काढता आलेला नाही.

‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका घेणार असाल तर हातातलं पत्र मोडीत असू द्या. तेव्हाचा पत्रव्यवहार मोडीतच चाले. पहिल्या रांगेला अक्षरं वाचता येणार नाहीत, पण छापील देवनागरी कागद लगेच ओळखू येतो.

वाड्याची हुबेहूब प्रतिकृती करण्यात पैसे घालू नका. आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या. आज तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत. एक दगडी जोतं आणि एक उंच दरवाजा पुरे.

आता धूर. साध्या मशीनचा धूर वर पसरतो. जमिनीलगत वाहणारं धुकं हवं असेल तर कोरडा बर्फ लागतो. तो उणे ७८ अंशांचा असतो, त्यामुळे जाड हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही आणि बंद खोलीत साठवायचा नाही. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो खाली साचतो. नारायणरावांचा नट जमिनीवर पडलेला असताना तर धुकं अजिबात सोडू नका. लुकलुकणारे दिवे वापरणार असाल तर प्रयोगाआधी तशी घोषणा करा, अपस्माराच्या रुग्णांना त्याचा त्रास होऊ शकतो.

संहिता नवी आहे, तेव्हा रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी वेळेत अर्ज करा. ते हाती नसताना नाट्यगृहाची तारीख पक्की करून बसू नका.

साहित्य रंगीत तालमीच्या दिवशीच घेऊन जा. त्या एका दिवसाचं भाडं आम्ही लावत नाही. डिपॉझिट परत नेताना पगडी डब्यातच आणा, पिशवीत कोंबलेली पगडी पुन्हा उभी राहत नाही.