उसाच्या वर : कोल्हापुरातील सुगंधी झाडांची पार्श्वभूमी

कोल्हापूर म्हटले की ऊस आणि गूळ. पण राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगडकडे चढ लागला की उसाची सद्दी संपते. वर भात, नाचणी, काजू आणि वरकस, म्हणजे हलक्या उताराच्या, जमिनीचे तुकडे. त्यांवर घर भागत नाही, म्हणून पोरं मुंबई गाठतात. डोंगराला डोंगराचेच पीक हवे, हा विचार जुना आहे. राजर्षी शाहूंनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीची लागवड करून पाहिली होती.

अशाच पिकांत सुगंधी तेल देणारी झाडे येतात. त्यांत पहिले नाव चंदनाचे, आणि त्याचा इतिहास कष्टकऱ्याला सुखावणारा नाही. शेजारच्या म्हैसुरात टिपू सुलतानाने चंदन राजवृक्ष, म्हणजे राज्याच्या मालकीचे झाड, ठरवले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला जाणारे लाकूड अडले, तेव्हा 1916 मध्ये तिथे सरकारी तेल कारखाना उभा राहिला. झाड मात्र कुणाच्याही बांधावर उगवो, मालकी सरकारची. मग ते जपणार कोण? लोक रोपटेच उपटून टाकत. कर्नाटकाने 2001 मध्ये मालकी शेतकऱ्याला दिली. आपल्याकडे तोडीला आजही परवानगी लागते. शिवाय चंदन अर्धपरजीवी, तुरीसारख्या सोबत्याच्या मुळांवर जगणारे. तेलाचा गाभा भरायला बारा-पंधरा वर्षे, आणि तेवढी वर्षे रात्रीची राखण. छोट्या शेतकऱ्याने सगळी भिस्त त्यावर ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.

निलगिरी इकडे आली ती लाकडासाठी. तेल हवे तर लिंबाच्या वासाची जात वेगळी.

छोट्या शेतकऱ्याला दालचिनी जास्त जवळची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1992 मध्ये ‘कोकण तेज’ ही जात दिली. तीन-चार वर्षांत साल निघते आणि पाल्याचेही तेल येते. पान चुरगळून हुंगा, लवंगेचा वास येईल.

खरी अडचण पाल्यातून तेल काढण्याची. शंभर किलो पाल्यातून जेमतेम किलो-दोन किलो तेल. एवढा पाला घाटातून खाली वाहणे परवडत नाही. भट्टी शिवारातच हवी. हे कोल्हापूरकराला समजावून सांगावे लागू नये. ऊस तोडला की बांधाशेजारच्या गुऱ्हाळात रस, चुलवाणात चिपाडाचा जाळ, काहिलीत गूळ. ही रीत इथे पिढ्यान्‌पिढ्यांची. तेलाच्या भट्टीत काहिलीऐवजी बंद डेग असते, पाल्यातले तेल घेऊन निघालेली वाफ थंड होऊन भांड्यात उतरते. दालचिनीच्या पाल्याचे तेल पाण्याहून जड, ते तळाशी बसते. निलगिरीचे वर तरंगते. पाच-सहा घरांनी मिळून एक भट्टी घातली, तर पाला विकायचा की तेल, हे त्यांचे त्यांना ठरवता येईल.