बॅकस्पेस, अल्पविराम आणि इनस्क्रिप्ट: हलक्या ब्राउझरच्या शॉर्टकटची पार्श्वभूमी

दिग्रस-दारव्हा पट्ट्यातल्या सेवा केंद्रांत आणि शाळांच्या संगणक खोल्यांत दोन जीबी रॅमची जुनी यंत्रं अजून कामात आहेत. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने विंडोज ७ साठी नवी आवृत्ती देणं थांबवलं. त्यानंतर अशा काही यंत्रांवर लिनक्स आलं आणि त्यावर वेबकिट या पानं दाखवणाऱ्या इंजिनवर चालणारा हलका ब्राउझर. या ब्राउझरची शॉर्टकटची फाइल उघडी असते, कोणती कळ काय करेल ते बसवणाऱ्याने ठरवायचं. सगळ्या यंत्रांवर एकच फाइल टाकायची असं ठरलं आणि गाडी दोन ठिकाणी अडली: बॅकस्पेसने मागचं पान उघडावं का, आणि एकअक्षरी शॉर्टकट (कंट्रोल न धरता नुसतं एक अक्षर दाबून चालणारे) ठेवावेत का.

बाकीच्या कळांवर फारसा वाद नाही. कंट्रोलसोबत झेड, एक्स, सी, व्ही हे १९८० च्या दशकात अ‍ॅपलच्या लिसा आणि मॅकिंटॉशवर (तिथे कमांड कळीसोबत) रुळले, पुढे विंडोजने घेतले. कंट्रोल-टीने नवा टॅब, कंट्रोल-डब्ल्यूने बंद, कंट्रोल-एलने पत्त्याची पट्टी हे आता इतकं अंगवळणी पडलंय की त्याला हात लावायचं धाडस कोणी करत नाही. एक अपवाद आहे. २००९ मध्ये आलेल्या सर्फ या अगदी छोट्या ब्राउझरमध्ये कंट्रोल-एल म्हणजे इतिहासात एक पान पुढे. पत्ता लिहायला कंट्रोल-जी. ज्याने तो बनवला त्याच्या बोटांना ते सोयीचं असेल.

आता बॅकस्पेस. विंडोज ९५ च्या फाइलींच्या खिडकीत ही कळ एक फोल्डर वर न्यायची. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तिने मागचं पान उघडायला सुरुवात केली, आणि विंडोजवर जे ब्राउझर आले त्यांनीही ती सवय पाळली. पानं नुसती वाचायची होती तोवर यात काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते अर्ज ऑनलाइन झाल्यावर.

केंद्रात बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. अर्जात तालुका निवडला की गावांची यादी आणण्यासाठी पान स्वतःच एकदा ताजं होतं. त्या क्षणी कर्सर चौकटीतून बाहेर पडतो, पण नजर असते समोरच्या कागदावर. खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला असं वाटून बॅकस्पेस दाबला जातो आणि भरलेलं सगळं पान मागे जातं. दुसरा सापळा याहून बेरकी. जी चौकट फक्त वाचायला असते, म्हणजे आधारवरून आपोआप आलेलं नाव वगैरे, तिच्यात कर्सर दिसतो, पण खोडता काही येत नाही. जुन्या ब्राउझरमध्ये तिथेही बॅकस्पेस मागे न्यायचा. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. रांगेतल्या कास्तकाराला ‘दादा, पुन्हा सांगा’ म्हणण्याची पाळी ज्याच्यावर आली, तो या वादात तटस्थ राहू शकत नाही. हे लिहिणाराही नाही.

क्रोमने ही कळ २०१६ च्या जुलैत, ५२ व्या आवृत्तीत काढली. काढण्याआधी मोजमाप झालं होतं: बॅकस्पेसने मागे जाणं हे ०.०४ टक्के पानांवर घडत होतं आणि त्यातलं फॉर्ममध्ये काही भरल्यानंतरचं प्रमाण एकूण पानांच्या ०.००५ टक्के होतं. आकडे पाहून दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटलं. एवढ्या थोड्या लोकांसाठी सगळ्यांची सवय का मोडायची, असं एक बाजू म्हणाली. दुसरी म्हणाली, ज्याचा अर्ज जातो त्याचा पूर्णच जातो. शेवटी दुसऱ्या बाजूचं चाललं. ज्यांना जुनी सवय हवी होती त्यांच्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन दिलं गेलं, आणि मागे जायला ऑल्ट व डावा बाण. फायरफॉक्सने हाच बदल २०२१ मध्ये ८७ व्या आवृत्तीत केला. लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये मात्र ती कळ कितीतरी आधीपासून बंद होती.

विरोधी बाजूचं म्हणणंही खोटं नाही. केंद्रात एक हात सातबाऱ्याच्या नकलेवर असतो. ऑल्ट डावीकडे, बाण उजवीकडे, म्हणजे दोन हात आले. उजव्या ऑल्टने एका हातात काम होईल असं वाटतं, पण लिनक्सच्या मराठी मांडणीत उजवा ऑल्ट जादा चिन्हांसाठी राखलेला असतो. मराठी चालू असताना तो ऑल्ट राहतच नाही. हे बोट दुखेपर्यंत दाबून झाल्यावर कळतं.

मधला मार्ग म्हणून डिलोचं नाव पुढे आलं. १९९९ पासूनचा हा ब्राउझर इतका हलका की त्यावर सरकारी संकेतस्थळं उघडण्याची आशाच नाही, पण त्याच्या कळा विचार करण्यासारख्या आहेत. मागे जायला बॅकस्पेससोबत अल्पविराम, पुढे जायला पूर्णविराम. इनस्क्रिप्ट या मानक मराठी कीबोर्ड मांडणीत या दोन कळा बदलत नाहीत, मराठी असो की इंग्रजी, जागच्या जागी असतात. कागदावर झकास. मग कुणीतरी पत्ता लिहून दाखवला: मु. पो. अमुक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ. कर्सर चौकटीबाहेर असताना हे टाइप केलं तर पान पुढे-पुढे-मागे-पुढे-मागे-पुढे असं झोके घेतं. अल्पविराम तिथेच बाद झाला.

एकअक्षरी शॉर्टकटचा धागा वेगळ्या गावाहून येतो. १९७६ मध्ये आलेल्या एडीएम-३ए या टर्मिनलवर (मोठ्या संगणकाला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड) बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. व्हीआय हा मजकूर संपादनाचा प्रोग्राम अशाच टर्मिनलवर लिहिला गेला आणि त्या चार कळा त्याच्या होऊन बसल्या. २००७ मध्ये व्हिम्परेटर नावाच्या फायरफॉक्सच्या जोडणीने त्या ब्राउझरमध्ये आणल्या, आणि क्यूटब्राउझरसारख्या नंतरच्या हलक्या ब्राउझरांनी त्या डिफॉल्टच करून टाकल्या. जे टर्मिनल यातल्या कोणी पाहिलंही नसेल, त्याची छपाई अशी आजवर टिकली.

ओपेराचा प्रकार याहून आपल्याला जवळचा. जुन्या ओपेरात झेडने मागे, एक्सने पुढे, १ आणि २ ने टॅब बदलायचे आणि जी दाबला की चित्रं बंद. डोंगलच्या टूजी काळात, टॉवरची एक कांडी असताना, या जीने अनेकांचे पैसे वाचवले. २०१३ मध्ये ओपेरा क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर, गेला तेव्हा सगळ्यात जास्त हळहळ या सोयींचीच झाली असावी.

मराठीत या कळांचं काय होतं? इनस्क्रिप्ट १९९१ पासून भारतीय मानकाचा भाग आहे आणि सरकारी कामात तोच धरला जातो. त्यात एचवर प आहे, जेवर र, केवर क, एलवर त. डीवर हलन्त. एकअक्षरी शॉर्टकट ऐकणारा ब्राउझर बहुधा कळ पाहत नाही, उमटलेलं अक्षर पाहतो. त्याला जे हवा असतो, मिळतो र. तो काहीच करत नाही आणि ऑपरेटर म्हणतो, हँग झालं. कंट्रोलच्या जोड्यांना हा त्रास सहसा होत नाही, कारण तिथे मांडणी कोणतीही असली तरी लॅटिन कळ शोधण्याची सोय आधीपासून केलेली असते. फोनेटिकने लिहिणाऱ्या पोरांना किंवा जुन्या फाँटवर टायपिंगच्या परीक्षेची बोटं चालवणाऱ्यांनाही ही अडचण नाही, त्यांची कळ आतून इंग्रजीच राहते. म्हणजे ज्याने नियमाप्रमाणे मानक मांडणी शिकली, नेमकं त्याचंच अडतं.

२०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या, वेबपानं अपंगांनाही वापरता यावीत यासाठीच्या नियमावलीत एकअक्षरी शॉर्टकट बंद करता किंवा बदलता यावेत अशी अट आली. ती वेबपानांसाठी आहे आणि आवाजाने संगणक चालवणारे लोक समोर ठेवून लिहिलेली आहे. ती ब्राउझरला लागू नाही हे खरं, पण वाद मिटवायला उपयोगी पडली.

सगळ्या यंत्रांवर टाकायच्या फाइलीच्या सध्याच्या मसुद्यात एकअक्षरी कळा नाहीत. कंट्रोल-क्यू काढला आहे, कारण तो कंट्रोल-डब्ल्यूला लागून आहे आणि टॅबऐवजी सगळा ब्राउझर बंद करतो. कंट्रोल-स्पेस मोकळा सोडला आहे, काही यंत्रांवर भाषा त्यानेच बदलते. रीफ्रेशला एफ-५ सोबत कंट्रोल-आर दिला, कारण लॅपटॉपवर एफ-५ ला अनेकदा एफएन धरावा लागतो. बॅकस्पेसची ओळ पुसलेली नाही. तिच्यापुढे हॅश (#) टाकून ती झोपवली आहे, म्हणजे ब्राउझर ती वाचत नाही, आणि दोन केंद्रांनी तो हॅश पहिल्याच दिवशी काढला.