पारदर्शक अलाइनर

वाकडे, गर्दी झालेले किंवा मध्ये फटी पडलेले दात हळूहळू योग्य जागी आणणारी, पातळ पारदर्शक प्लास्टिकची काढता-घालता येणारी कवचे. दातांवर चिकटवायच्या ब्रेसेस व तारांऐवजी, क्वचित त्यांच्या जोडीने, ती वापरतात. एका कवचाने काम भागत नाही. क्रमाने घालायची पूर्ण मालिका असते आणि तीतले प्रत्येक कवच आधीच्यापेक्षा किंचित वेगळ्या घडणीचे असते. दात आज आहे त्याच्या जरा पुढे कवचातला खळगा असतो. कवच बसवले की प्लास्टिक ताणले जाते, मूळ आकाराला परतू पाहते आणि दातावर सौम्य दाब येतो.

दात सरकतो तो हाडातल्या बदलामुळे. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिमी जाडीचा तंतुमय अस्थिबंध असतो. त्याच्या दाबल्या गेलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात, तर ताणलेल्या बाजूला नवे हाड घालणाऱ्या पेशी. या घडामोडीला वेळ लागतो. म्हणूनच एक कवच दाताला साधारण ०.२५ मिमीपर्यंतच हलवते आणि एक ते दोन आठवड्यांनी बदलले जाते. जोर वाढवून उपचार लवकर उरकता येत नाही. अतिरिक्त दाबाने मुळांची झीज होण्याचा धोका मात्र वाढतो.

कल्पना जुनी आहे. हॅरॉल्ड केसलिंग या अमेरिकी दंततज्ज्ञाने १९४५ मध्ये उपचाराच्या अखेरीस दातांची किरकोळ दुरुस्ती करणारे लवचीक साधन मांडले आणि अशा साधनांच्या मालिकेने मोठे बदलही घडवता येतील, असा अंदाज वर्तवला. अडचण श्रमांची होती. प्रत्येक टप्प्यासाठी साच्यातले दात हाताने कापून मेणात नव्याने बसवावे लागत. संगणकावरील त्रिमितीय आराखडा आणि मुद्रण यांनी ही अडचण सोडवली. झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी १९९७ मध्ये अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी स्थापली. तिच्या इनव्हिझलाइन प्रणालीला १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. पुढे मूळ पेटंटांची मुदत संपू लागली, तशा इतर अनेक कंपन्या या क्षेत्रात उतरल्या.

उपचाराची सुरुवात तपासणी, क्ष-किरण चित्रे आणि तोंडाच्या स्कॅनपासून होते. स्कॅनवरून संगणकात दातांची प्रतिकृती उभी राहते आणि कोणता दात कधी, किती व कोणत्या दिशेने हलवायचा, हे ठरते. मग टप्प्याटप्प्याचे साचे मुद्रित करून त्यांवर तापवलेली प्लास्टिकची चकती ओढून बसवतात. पडद्यावर दात झरझर सरळ होताना दिसतात, पण ते केवळ उद्दिष्ट असते. प्रत्यक्षातली हालचाल बहुधा त्याहून कमी भरते आणि मालिका संपल्यावर पुन्हा स्कॅन करून काही जादा कवचे करावी लागतात. म्हणूनच आराखडा तपासून त्यात बदल करणारा ऑर्थोडॉन्टिस्ट (दात योग्य जागी आणणारा तज्ज्ञ) प्लास्टिकपेक्षा कितीतरी महत्त्वाचा.

गुळगुळीत कवचाला दातावर पकड मिळावी म्हणून दातांच्या रंगाचे, भरणीच्या साहित्याचे छोटे उंचवटे दातांवर चिकटवतात. त्यामुळे ‘अजिबात न दिसणारा उपचार’ हे वर्णन पूर्णपणे खरे नाही. जागा कमी असेल तर दोन दातांमधले इनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाह्य आवरण, किंचित घासतात. एका फटीत एकूण घट सहसा ०.५ मिमीच्या आत ठेवली जाते.

दात कलते करणे, थोडी गर्दी सोडवणे, फटी मिटवणे यांत अलाइनर चांगले काम देतात. सुळे व उपदाढांसारखे गोलसर दात फिरवणे, दात हिरडीतून खाली ओढून आणणे किंवा काढलेल्या दाताची जागा मुळासकट सरकवून भरणे मात्र अवघड जाते. तिथे तारा अधिक भरवशाच्या ठरतात. दोष जबड्याच्या हाडातच असेल, तर प्रौढांमध्ये शस्त्रक्रियेचाही विचार करावा लागतो.

कवच दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवे. काढायचे ते खाण्यासाठी, पाण्याखेरीज काही पिण्यासाठी आणि दात घासण्यासाठी. इथेच बहुतेक उपचार रखडतात. काढता येणे ही सोय आहे तशीच पळवाटही. कवच तासन्‌तास बाहेर राहिले तर दात मागे सरकतात, पुढचे कवच नीट बसत नाही आणि सारा आराखडा चुकत जातो. गरम पेयाने प्लास्टिक वाकते. गोड पेय आत अडकले तर लाळेला ते धुऊन काढता येत नाही आणि कीड लागते. दुसरीकडे, तारा नसल्याने ब्रश व फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) नीट फिरवता येतात, हा मोठा लाभ.

प्रत्यक्ष तपासणीविना घरपोच कवचे पाठवण्याचा व्यवसायही झाला. त्यातली मोठी अमेरिकी कंपनी स्माइलडायरेक्टक्लब २०२३ मध्ये बंद पडली आणि अनेकांचे उपचार अर्धवट राहिले. कीड, हिरड्यांचा आजार किंवा सैल दात आधी न तपासता दाब देणे धोक्याचे आहे. हिरड्या सुजलेल्या असताना दात हलवले तर आधाराचे हाड झपाट्याने घटू शकते.

उपचार संपला तरी हिरड्यांतले ताणलेले तंतू दातांना मागे ओढत राहतात. त्यासाठी रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन, घालावा लागतो: सुरुवातीला जवळजवळ दिवसभर, नंतर रात्री, आणि बहुतेकांना वर्षानुवर्षे. काही दिवस घालायचा राहून गेल्यावर रिटेनर घट्ट वाटला, तर दात सरकू लागले आहेत असे समजावे आणि वेळ न घालवता ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवावे.