सोलापूर परिसरातील खडक, खनिजे व धातू

सोलापूर जिल्ह्याची जवळजवळ सर्व भूमी दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांतून साचलेल्या बेसाल्ट या अग्निज खडकाची बनलेली आहे. त्यावर नद्यांचा गाळ, काळी माती आणि चुनकंकर (चुन्याच्या गाठी) यांचे तुलनेने पातळ आच्छादन आढळते. इमारतीचा दगड, मुरूम, वाळू व चुन्याचे कंकर हीच येथील नित्य वापरातली खनिज संपत्ती असून किफायतशीरपणे धातू काढता येईल असे धातुक जिल्ह्यात नाही. मात्र या खडकात धातूंचा अभाव आहे असा त्याचा अर्थ होत नाही. लोह त्यात भरपूर आहे, पण ते विखुरलेले आहे आणि बहुतांशी सिलिकेट (सिलिका व धातू यांच्या संयोगाने बनलेल्या) खनिजांत अडकलेले आहे.

पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरण या थरातील तप्त द्रव्य वर सरकू लागले की त्यावरील दाब घटतो व ते अंशतः वितळते. असा रस भेगांवाटे सुमारे १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअस तापमानाला बाहेर पडून दूरवर पसरला आणि थंड होताना त्यातून फेल्स्पार व पायरोक्सीन ही सिलिकेट खनिजे आणि मॅग्नेटाइट व इल्मेनाइट ही लोहयुक्त ऑक्साइडे यांचे बारीक स्फटिक तयार झाले. एकावर एक साचलेल्या अशा प्रवाहांमुळे टेकड्यांच्या उतारांवर पायऱ्यांसारखी रचना दिसते. बार्शी तालुक्याच्या बाजूला बालाघाटाच्या उतारांवर ती चांगली पाहता येते. पश्चिम घाटात दीड-दोन हजार मीटरपर्यंत जाणारी थरांची जाडी आग्नेयेकडे कमी होत जाते. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे घेतलेल्या वेधनात बेसाल्टची जाडी सु. ३३८ मी. भरली, त्याखाली गाळाच्या खडकाचा जेमतेम ८ मी. थर आणि त्याखाली पट्टिताश्म (नीस, पट्टेदार रूपांतरित खडक) प्रकारचा अतिप्राचीन पाया लागला. सोलापूरच्या आग्नेयेस कलबुर्गी जिल्ह्यात हे आवरण संपते आणि भीमा खोऱ्यातील जुने चुनखडक उघडे पडतात. सोलापुरातील घराघरांत बसवलेली शहाबादी फरशी आणि वाडी परिसरातील सिमेंटचा कच्चा माल त्याच खडकांतून मिळतो.

उद्रेकांचा काळ साधारणपणे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानतात आणि प्रवाहांचा मोठा भाग सुमारे दहा लाख वर्षांत साचला असावा याबद्दल आता बरेच एकमत आहे. या मर्यादेत उद्रेकांचा वेग कसा होता याविषयी मात्र मतभेद आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांपैकी खडकांचे वय मोजण्याच्या युरेनियम-शिसे पद्धतीवर आधारलेल्या अभ्यासाने चार ठळक आवेग सुचवले व त्यांतील एक डायनोसॉरच्या विनाशाच्या थोडे आधी घडल्याचे मांडले, तर आर्गॉन समस्थानिकांवर आधारलेल्या अभ्यासाने लाव्ह्याचा अधिक भाग विनाशानंतर बाहेर पडला असा निष्कर्ष काढला. दोन्ही पद्धतींच्या अनिश्चिततेच्या मर्यादा परस्परांत मिसळत असल्याने आवेगांची संख्या तूर्त निश्चित न धरणेच बरे.

या वादाचा संबंध दोन प्रवाहांच्या मध्ये सापडणाऱ्या तांबड्या थरांशी येतो. भूविज्ञानात त्यांना लाल बोल म्हणतात. विहिरीच्या कडेला किंवा रस्त्यासाठी तोडलेल्या टेकडीत काळ्या दगडाच्या दोन पट्ट्यांमध्ये विटकरी रंगाची ठिसूळ रेघ दिसते, तोच हा थर होय. त्याची जाडी काही सेंटिमीटरपासून दोन-तीन मीटरपर्यंत असते. त्यात माँटमोरिलोनाइट गटातील मृद्खनिजे मुख्य असून रंग हेमॅटाइट या लोहाच्या ऑक्साइडामुळे येतो. बऱ्याच ठिकाणी थराचा वरचा भाग गडद तांबडा व कठीण असून खाली तो तपकिरी किंवा हिरवट होत जातो. कोरडा तुकडा पाण्यात टाकला तर तो थोड्याच वेळात फुगून विसविशीत होतो. बांधीव नसलेल्या विहिरींच्या बाजू याच पातळीवर ढासळतात, आणि धरण किंवा बोगद्याच्या आखणीत या थराची वेगळी नोंद ठेवावी लागते, ती याच गुणामुळे.

लाल बोलाच्या उत्पत्तीविषयी तीन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार ती प्राचीन माती आहे : एक प्रवाह थंड झाल्यावर त्याचा पृष्ठभाग हवापाण्याने झिजला, माती बनली आणि पुढच्या प्रवाहाने ती झाकली. दुसऱ्या मतानुसार मूळ द्रव्य ज्वालामुखी राखेचे असून ते नंतर बदलले. तिसरे मत वरून आलेल्या लाव्ह्याच्या उष्णतेला आणि प्रवाहांतून फिरणाऱ्या गरम पाण्याला महत्त्व देते. हा फरक केवळ तात्त्विक नाही. बेसाल्टवर जागच्या जागी माती तयार व्हायला हजारो वर्षे लागतात, त्यामुळे पहिले मत स्वीकारल्यास प्रत्येक तांबडी रेघ उद्रेकांतील दीर्घ विश्रांती ठरते. राख मात्र अल्पकाळात साचू शकते व तिच्यातील सच्छिद्र काच (स्फटिक न बनता झटपट थिजलेला लाव्हा) लवकर कुजते. युरेनियम-शिसे कालमापनासाठी वापरलेले झिरकॉन या खनिजाचे बरेच कण अशाच थरांतून मिळाले आहेत. झिरकॉन बेसाल्टमध्ये क्वचितच स्फटिकतो, म्हणून त्या थरांत तरी अधिक सिलिकायुक्त राखेची भर पडली होती असे मानावे लागते. वरच्या कडेचा गडदपणा भाजण्याने समजावून घेता येतो, परंतु मीटरभर जाडीचा संपूर्ण थर केवळ भाजून झाला असणे कठीण दिसते. त्यामुळे सर्व बोलांना एकच उगम न देता प्रत्येक थराची खनिजे, पोत व कडा स्वतंत्रपणे तपासण्याकडे आजच्या अभ्यासकांचा कल आहे आणि तोच अधिक समाधानकारक वाटतो.

प्रवाहाच्या माथ्याजवळ वायूंच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहतात. पुढे खडकातून झिरपणाऱ्या कोमट ते गरम पाण्याने फेल्स्पार व काच यांतील कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम व सिलिका विरघळवून या पोकळ्यांत साचवली. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, ॲपोफिलाइट, कॅल्साइट आणि गारगोटीचे प्रकार असे तयार झाले. पांढऱ्या ठिपक्यांच्या या मऊ खडकाला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. संग्रहालयात ठेवण्याजोगे मोठे स्फटिक मुख्यतः पुणे, नाशिक व जळगाव या जिल्ह्यांतील खाणींतून मिळतात.

चुनकंकर हे येथील सर्वांत अलीकडचे आणि लोकांना सर्वांत उपयोगी पडलेले खनिज होय. बेसाल्टच्या झिजेतून सुटलेला कॅल्शियम जमिनीतील कार्बन डायऑक्साइडयुक्त पाण्यात बायकार्बोनेटच्या रूपाने विरघळतो. पाऊस कमी व बाष्पीभवन जास्त असलेल्या या अवर्षणप्रवण भागात तो पुरता वाहून न जाता मातीत खोलवर गाठींच्या रूपाने साचतो. काही कंकर मुळांच्या आसपास, तर काही भूजलाच्या पातळीजवळ बनले असावेत. नदीकाठच्या उघड्या दरडींत दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी आढळत असल्याने त्यांचा काळ ठरवताना सावध राहावे लागते.

कंकर भाजून चुना करण्याचा व्यवसाय पूर्वी लोणारी समाजाकडे होता. भट्टीत कंकर व कोळसा यांचे थर आळीपाळीने रचून सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट असेल तर १०० किलोमागे ४४ किलो वजन असे उडून जाते व ५६ किलो कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विझवून वाळूसह घाणीत मळत. घाणी म्हणजे जमिनीतला दगडी गोल चर. त्यातून बैल दगडी चाक फिरवी. कंकरात मातीचा अंश असल्याने भाजताना चुन्याचा सिलिका व ॲल्युमिनाशी संयोग होतो आणि असा चुना ओलीतही घट्ट होतो. पाण्याशी सतत संबंध येणाऱ्या बांधकामात हा गुण मोलाचा ठरतो.

येथील बेसाल्टमध्ये लोहाची ऑक्साइडे सामान्यतः १२ ते १४ टक्के, म्हणजे लोह नऊ-दहा टक्के असते. भारतात पोलादासाठी वापरल्या जाणाऱ्या चांगल्या हेमॅटाइट धातुकात हे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर जाते. शिवाय पायरोक्सीनमधील लोह सोडवायला लागणारी उष्णता व तयार होणारी मळी (धातू वितळवताना उरणारा टाकाऊ द्रव) यांचा विचार करता बेसाल्टपासून लोखंड काढणे व्यवहार्य ठरत नाही. निसर्गात लोह एकवटण्याचे काम पाणी करते. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात पूर ओसरल्यावर फिकट वाळूवर काळ्या रेषा उमटतात. त्या ठिकाणी चुंबक फिरवला तर मॅग्नेटाइटचे कण त्याला केसाळ झुबक्यांसारखे चिकटतात. मॅग्नेटाइटची घनता सु. ५.२, तर क्वार्ट्झची २.६५ असल्याने प्रवाह हलके कण पुढे नेतो व जड कण मागे ठेवतो. हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर घडून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटयुक्त काळ्या वाळूचे साठे बनले. याउलट अतिपावसाच्या महाबळेश्वर परिसरात सिलिका धुपून जाऊन लोहाने समृद्ध जांभा खडक उरला आणि लोखंड गाळण्याचा व्यवसाय करणाऱ्या धावड लोकांनी त्यापासून लोखंड काढले. सोलापूरच्या बाजूला तितका पाऊस नसल्याने असा जांभा विकसित झाला नाही.

जुन्या पद्धतीच्या भट्टीत धातुक व लोणारी (लाकडाचा) कोळसा थराथराने भरून भात्याने हवा देत. कोळशापासून झालेला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजन काढून घेई आणि १,१००-१,२०० अंशांना मळी वितळून खाली वाही. शुद्ध लोखंड १,५३८ अंशांना वितळत असल्याने ते स्पंजासारख्या गोळ्याच्या रूपात राही व घणाने ठोकून मळीपासून वेगळे करावे लागे. महाराष्ट्रात अशा भट्टीचा महत्त्वाचा पुरावा नागपूरजवळील नायकुंड येथील महापाषाणयुगीन वसाहतीत मिळाला असून तिचा काळ साधारणपणे इ.स.पू. सातव्या शतकाच्या आसपास धरतात. सोलापूर भागातील लोहारकामाची भिस्त मात्र बाहेरून आलेल्या लोखंडावरच असावी. सोन्यासाठीही दख्खन बेसाल्टच्या बाहेरच जावे लागते : रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे बेसाल्टहून कितीतरी जुन्या खडकांतील क्वार्ट्झच्या शिरांतून सोने मिळते. धातुक दळून सायनाइडच्या सौम्य द्रावणात ते विरघळवून वेगळे करतात.