हातावरचं पोट आणि लॉकडाऊन (महाराष्ट्र, २०२०–२२)

साथ पसरू नये म्हणून बाजार, गाड्या, हॉटेलं, कारखाने बंद ठेवायचे का, आणि ठेवले तर रोज कमावून रोज खाणाऱ्यांनी करायचं काय, हा प्रश्न कोरोनाच्या काळात जगात सगळीकडेच होता. महाराष्ट्रात तो जास्त टोकाला गेला कारण देशातले सगळ्यात जास्त पेशंट इथे आणि देशाच्या कमाईचा मोठा वाटाही इथलाच. पेपरात आणि टीव्हीवर हा वाद "आरोग्य की अर्थचक्र" असा चालायचा, म्हणजे एका पारड्यात जीव आणि दुसऱ्यात पैसा. प्रत्यक्षात दोन्हीकडचा भार बऱ्याचदा एकाच माणसावर पडला आणि निर्णय घेणारे मात्र बहुतेक महिन्याच्या महिन्याला पगार येणारे होते, हे ही नोंद वाचताना लक्षात ठेवलेलं बरं.

आधीचा इतिहास

ज्या कायद्याच्या जोरावर २०२० मध्ये सगळं बंद केलं तो साथरोग कायदा १८९७ चा आहे आणि तो मुंबईच्या प्लेगमुळेच झालाय. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला, त्यानंतर लोक शहर सोडून पळायला लागले आणि गिरणीमालकांवर कामगार टिकवायला रोजच्या रोज मजुरी द्यायची वेळ आली. युरोपातल्या देशांनी मुंबईहून येणाऱ्या मालावर आणि माणसांवर निर्बंध घातले ते वेगळंच. पुण्यात घराघरात घुसून तपासण्या झाल्या, सामान बाहेर काढून जाळलं गेलं, लोक चिडले आणि २२ जून १८९७ ला प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. तेव्हाच्या सरकारने रोगाचा विचार केला, माणसांचा नाही, असं आपण शाळेत शिकतो आणि १२३ वर्षांनी तोच कायदा जवळपास तसाच बाहेर काढतो, ही गंमतच म्हणायची.

पहिला लॉकडाऊन

९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले पेशंट सापडले, १३ मार्चला राज्याने साथरोग कायदा लागू केला, २२ ला जनता कर्फ्यू झाला, त्याच रात्रीपासून लोकल बंद झाली, आणि २४ तारखेला रात्री आठला पंतप्रधानांनी टीव्हीवर येऊन सांगितलं की रात्री बारापासून अख्खा देश २१ दिवस बंद. मध्ये फक्त चार तास. २१ दिवसांचे पुढे वाढत वाढत ३१ मेपर्यंत ६८ दिवस झाले.

त्या चार तासांत ज्यांच्याकडे पैसे होते ते किराणा भरायला धावले, बाकीचे जिथे होते तिथे अडकले. सगळ्यात ठळक उदाहरण ऊसतोड मजुरांचं. बीड, अहमदनगर (आता अहिल्यानगर) भागातली कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात, एक माणूस तोडणार दुसरा मोळी बांधणार असा नवरा-बायकोचा मिळून एक कोयता मोजतात, आणि मार्च-एप्रिलला पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की बैलं, पोरं, भांडी घेऊन गावाकडे निघतात. नेमका तेव्हाच लॉकडाऊन लागला. लाखाच्या वर मजूर कारखान्यांच्या आसपास कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, अडकून पडले, तोडणी संपलेली म्हणजे कमाई बंद, पोरांना आणि बैलांना मात्र रोज खायला लागणार. १७ एप्रिलला सरकारने तपासणी करून त्यांना घरी जायची परवानगी दिली, तर काही गावांनी वेशीवरच अडवलं, त्यांचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा, गावात दवाखानाच नाही तर दुसरं करणार काय.

शहरातल्या परप्रांतीय मजुरांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १४ एप्रिलला लॉकडाऊन वाढला त्याच दिवशी वांद्रे स्टेशनबाहेर हजारो लोक जमले, भिवंडीचे माग थांबल्यावर कामगार पायी निघाले, आणि ८ मेला पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून भुसावळकडे चालले होते, गाडी मिळेल या आशेने. श्रमिक ट्रेन १ मेपासून सुरू झाल्या होत्या, एसटीने राज्याच्या सीमेपर्यंत फुकट गाड्याही सोडल्या, पण हे सगळं महिना-दीड महिना उशिराने. हेच आधी आठवडाभर करून मग बंद केलं असतं तर? असं विचारणारे तेव्हाही होते. त्याला उत्तर दिलं जायचं की लोक गावी गेले असते तर रोग गावोगावी गेला असता, पण मे महिन्यात पेशंट कितीतरी वाढल्यावर ते गेलेच की.

झोपडपट्टीत अंतर पाळणे

धारावी साधारण दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरची. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसं आणि संडास सार्वजनिक, तिथे "घरातच राहा" याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला पेशंट सापडला. महापालिकेने घरोघरी ताप-ऑक्सिजन तपासला, शाळा-सभागृहांत क्वारंटाइन केलं, जेवण पुरवलं आणि साथ आटोक्यात आली, त्याचं जगभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी करून सर्वे झाला त्यात झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं आणि इमारतींमध्ये १६ टक्के. म्हणजे ज्यांचा रोजगार आधी गेला त्यांनाच रोगही जास्त झाला.

सरकारची तिजोरी

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचा जीडीपी आदल्या वर्षीपेक्षा साधारण २४ टक्क्यांनी घसरला. राज्याने मार्चचे पगार दोन टप्प्यांत दिले, मेमध्ये जीआर काढून विकासकामांच्या खर्चाला कात्री लावली आणि फक्त ३३ टक्के निधी वापरायला परवानगी दिली. दारूची दुकानं उघडण्याचा वाद याच काळातला. राज ठाकरेंनी महसुलासाठी वाइन शॉप सुरू करा असं पत्र मुख्यमंत्र्यांना लिहिलं तेव्हा खूप चेष्टा झाली, मग मेच्या सुरुवातीला दुकानं उघडली, रांगा लागल्या आणि मुंबईत दोन दिवसांत परत बंद.

नुकसान नियमामुळे की भीतीमुळे

या प्रश्नावर बाहेर चांगला अभ्यास झालाय. अमेरिकेत मोबाइलच्या लोकेशनवरून दुकानांतली वर्दळ मोजली तर ती ६० टक्क्यांनी पडलेली होती आणि त्या ६० पैकी जेमतेम ७ टक्के सरकारी बंदीमुळे, बाकीचे लोक आपणहूनच घरी बसलेले. डेन्मार्कने बंद केलं, शेजारच्या स्वीडनने बरंच चालू ठेवलं, तरी लोकांचा खर्च डेन्मार्कमध्ये २९ आणि स्वीडनमध्ये २५ टक्क्यांनी घटला. म्हणजे दुकान उघडं ठेवलं तरी गिऱ्हाईक येतंच असं नाही.

पण हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावता येत नाहीत. आपणहून घरी बसायला खात्यात पगार यावा लागतो. नाक्यावरचा बिगारी, धुणीभांडी करणारी मावशी, शिफ्टवर रिक्षा चालवणारा, हे भीती वाटली तरी बाहेर पडणारच होते, त्यामुळे त्यांच्यासाठी बंदी हीच खरी भिंत होती. दुसऱ्या बाजूने, सोसायट्यांनी मोलकरणींना गेटवर अडवलं ते सरकारने परवानगी दिल्यानंतरही कितीतरी दिवस, म्हणजे तिथे भीतीच काम करत होती, फक्त ती दुसऱ्याची.

ब्रेक द चेन

जून २०२० पासून "मिशन बिगिन अगेन" नावाने हळूहळू उघडत गेलं. त्यातली सगळ्यात मोठी विसंगती म्हणजे ऑफिसं उघडली आणि लोकल मात्र फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांना. विरार-नालासोपाऱ्याहून येणाऱ्यांनी एसटीसाठी तासन्‌तास रांगा लावल्या, जुलैमध्ये नालासोपाऱ्याला लोक रुळावर उतरले. अर्धं उघडलं की हे असं होतं, नोकरी टिकवायची जबाबदारी माणसावर आणि पोचायची सोय कुणावरच नाही. फेब्रुवारी २०२१ ला सगळ्यांसाठी लोकल सुरू झाली ती पण ठरावीक वेळेत, आणि एप्रिलमध्ये पुन्हा बंद.

दुसरी लाट आली तेव्हा एप्रिल २०२१ च्या मध्याला राज्यात दिवसाला ६० हजारांच्या वर पेशंट निघत होते. त्याआधी मार्चअखेर औरंगाबादचा जाहीर झालेला लॉकडाऊन विरोधामुळे ऐनवेळी मागे घेतला गेला होता. ५ एप्रिलपासून "ब्रेक द चेन" नावाने निर्बंध आले, वीकेंड लॉकडाऊन असं ऐकून व्यापारी गाफील राहिले, आदेश वाचला तर अत्यावश्यक सोडून सगळी दुकानं आठवड्याचे सातही दिवस बंद, मग पुण्यात आणि इतर शहरांत व्यापारी रस्त्यावर उतरले. त्यांचा राग समजण्यासारखा होता, कारखाने चालू, साइटवर मजूर राहत असतील तर बांधकाम चालू, आणि कापडाचं दुकान तेवढं बंद. नंतर किराणा सकाळी ७ ते ११, लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, मोडलं तर ५० हजार दंड.

या वेळी एक फरक होता. १३ एप्रिलला मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी निर्बंध जाहीर करतानाच ५४७६ कोटींचं पॅकेजही सांगितलं. महिनाभर तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ मोफत, शिवभोजन थाळी फुकट (ती आधीच दहाची पाच रुपयांवर आणली होती), बांधकाम मजूर, फेरीवाले, रिक्षावाले, घरकामगार यांना प्रत्येकी १५०० रुपये, आदिवासी कुटुंबांना २०००. पंधराशे म्हणजे मुंबईत खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही. आणि त्यातही अट नोंदणीची, रिक्षाचं परमिट ज्याच्या नावावर पैसे त्याला, ती गाडी भाड्याने घेऊन उन्हात फिरवणारा कुठल्याच यादीत नाही. तेच फेरीवाल्यांचं, ज्यांची नोंदणी वर्षानुवर्षं रखडलेली ते मदतीच्या दिवशी अस्तित्वातच नव्हते. दुकानदारांना तर काहीच नाही, वीजबिल, भाडं, जीएसटी, हप्ते सगळं चालू. तरी आधी पैशाचं बोलून मग बंद करायचं हा क्रम निदान त्या दिवशी पाळला गेला, २०२० मध्ये तो पाळला नव्हता.

गोव्यात

गोव्याने उलट केलं. पर्यटनावर राज्य चालतं म्हणून तिथे २०२१ च्या एप्रिलमध्ये कडक निर्बंध लांबणीवर टाकले गेले, चार दिवसांचा छोटा लॉकडाऊन झाला आणि पूर्ण कर्फ्यू ९ मेला लागला. तोपर्यंत पॉझिटिव्हिटी (शंभर टेस्टमागे किती पेशंट निघतात ते) ४० टक्क्यांच्या वर गेलेली, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ऑक्सिजनअभावी माणसं दगावली आणि हंगाम वाचवायला उघडं ठेवलं तो हंगामही गेलाच.

पाच स्तर

जून २०२१ मध्ये राज्याने जिल्ह्यांचे पाच स्तर केले. पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांच्या खाली आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेले असतील तर सगळं उघडं, २० टक्क्यांच्या वर आणि ७५ टक्के बेड भरलेले असतील तर कडक बंद. नियम निदान सगळ्यांना दिसेल असा होता, उद्या काय होणार याचा दुकानदाराला अंदाज बांधता यायचा. पण टेस्ट वाढवल्या की टक्का खाली येतो हे जिल्ह्यांना लवकरच कळलं. कोल्हापुरात तो बरेच दिवस खाली येईना आणि व्यापारी दुकानं उघडणारच म्हणून अडून बसले. १५ ऑगस्टपासून दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकल मिळाली, तेव्हा ज्यांना लस मिळायलाच उशीर झाला त्या तरुणांची नोकरी परत लटकली.

उरलेसुरले निर्बंध २०२२ च्या गुढीपाडव्याला उठले. तोपर्यंत राज्यात सरकारी आकड्यानुसार १ लाख ४७ हजारांहून जास्त माणसं गेली होती. लॉकडाऊन मोडला म्हणून कलम १८८ (सरकारी आदेश न पाळणे) खाली सामान्य लोकांवर घातलेले गुन्हे मागे घ्यायचं सरकारने त्याच सुमाराला ठरवलं.