गावकार, कुंटोकार, मुंडकार : गोव्यात पूर्वज शोधण्यामागची पार्श्वभूमी

घराण्याचे मूळ शोधायचे म्हटले की गोव्यातला हिंदू माणूस आधी देवळाची वाट धरतो. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. कुलदेवता ठाऊक असली की मूळ गाव बहुधा हाती लागते. पण पणजोबांचे नाव, पणजीचे माहेर, जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हे देऊळ सांगत नाही. त्यासाठी कागद उलगडावे लागतात, आणि त्यातले छापील कागद पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आहेत.

हे ग्रंथालय १५ सप्टेंबर १८३२ रोजी सुरू झाले. तीन वर्षांनी ख्रिस्ती मठ बंद झाले आणि तिथले ग्रंथ इकडे आले. वंशावळीच्या कामाला ते फारसे येत नाहीत. आपल्या कामाचा कागद सुरू होतो डिसेंबर १८३७ पासून, म्हणजे सरकारी राजपत्र निघू लागले तेव्हापासून. पुढे १९०० मध्ये पहिले पोर्तुगीज दैनिक आले. पोर्तुगालमध्ये १९१० साली आलेल्या प्रजासत्ताकाने हिंदूंना बरोबरीचे हक्क दिले, आणि मराठी शाळा, वाचनालये, नियतकालिके यांनी जोर धरला. घराणी शोधणाऱ्यासाठी १९१० ते १९६१ ही पन्नास वर्षे सर्वांत भरघोस आहेत.

मात्र या कागदांत शिरण्याआधी एक शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण निम्मे घोळ त्यानेच होतात. तो शब्द म्हणजे गावकार.

घाटावरच्या मराठीत गावकरी म्हणजे गावात राहणारा कोणीही. गोव्यात तसे नाही. इथे सात पिढ्या गावात राहिलेला माणूस गावकार नसू शकतो, आणि तीन पिढ्या मुंबईत काढलेला असू शकतो. १५२६ च्या 'फोराल' या सनदेत पोर्तुगीजांनी गावांची वहिवाट लिहून घेतली. चौघे जण ओसाड बेटावर शेती करायला आले, वस्ती वाढली आणि कारभार पाहणारे हे लोक गावकार म्हणवले गेले, अशी कथा तिच्यात येते. म्हणजे शब्दाचा पहिला अर्थ गाव वसवणारा, चालवणारा. पुढे तो वारसाहक्काचा झाला: गावकाराच्या वंशातल्या पुरुषाला गावकारीच्या, म्हणजे गावकारांच्या सामाईक संस्थेच्या, उत्पन्नातून झोण, म्हणजे वाटा, मिळे. हे हक्कदार वांगडांत, म्हणजे वंशागणिक गटांत, विभागलेले असत. वांगड एक म्हणजे मूळ पुरुष एक, असे घरोघरी मानतात. गावकारीच्या वहीतून एवढेच दिसते की हक्क त्या ओळीने उतरत आला. जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, काही गावांत एकाच वांगडात हिंदू आणि ख्रिस्ती घरे शेजारी शेजारी नोंदलेली आहेत, हेही विसरू नये.

त्यात पोर्तुगीज सरकारने गावकारीच्या या संस्थेला कोमुनिदाद हे नाव दिले आणि १९०४ मध्ये तिची संहिता केली. १९६१ च्या एप्रिलमध्ये, मुक्तीच्या आठ महिने आधी, नवी संहिता आली. दुरुस्त्यांसह आजही तीच चालते. या काळातल्या वह्यांत केवळ गावकार नाहीत. हिस्से विकत घेतलेले कुंटोकार आहेत, गावकार नसून काही ठरावीक हक्क असलेले कुळाचारी आहेत. आजोबांचे नाव कोमुनिदादीच्या यादीत दिसले म्हणून आपण त्या गावचे मूळ गावकार, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. आधी नाव कोणत्या रकान्यात आहे ते पाहावे. हिस्सा बाजारात विकत मिळत होता. वांगड मिळत नव्हता.

झोणीच्या याद्यांत मुली नाहीत. म्हणून केवळ गावकारीच्या कागदांवर रचलेली वंशावळ मला अपुरी वाटते, मग ती कितीही मागे जावो. बायकांची नावे दुसरीकडे सापडतात. पोर्तुगीज नागरी संहिता १८७० मध्ये गोव्यात लागू झाली. वारसांची वाटणी न्यायालयात होऊ लागली आणि तिच्या जाहिराती राजपत्रात छापल्या जाऊ लागल्या. अशा जाहिरातीचे चार ओळींचे कडबोळे सावकाश वाचावे. मृताचे नाव, गाव, विधवेचे नाव, मग वारसांना हजर राहण्याची मुदत. एखाद्या मुलापुढे लिहिलेले असते 'आउझेंत', म्हणजे गैरहजर, आणि पुढे मुंबईचा उल्लेख किंवा 'ठिकाण अज्ञात'. घरात 'थोरले काका लहानपणीच गेले' असे सांगितले जाते. तो माणूस इथे जिवंत असतो, फक्त परतलेला नसतो.

नाव सापडायला मात्र पोर्तुगीज लिखावट डोळ्यांत बसावी लागते. केणी 'के'खाली मिळत नाहीत, 'क्यू'खाली मिळतात. शेट 'एक्स'खाली, कामत 'सी'खाली 'कामोतीं' होऊन बसलेले. प्रभूंचे पोरोब झाले, शेणव्यांचे सिनाय. मुक्तीनंतर अनेकांनी सिनाय गाळून पुढचे गावावरून पडलेले आडनाव तेवढे ठेवले, त्यामुळे आजोबा एका अक्षराखाली आणि नातू दुसऱ्याच. शोध १९६१ कडून मागे नेताना हा सांधा हमखास निसटतो. १९१४ पासूनची जन्ममृत्यूची नागरी नोंद हाताशी असेल तर तो पुन्हा जुळवता येतो, कारण तिथे आईबापांची नावे असतात.

नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांकडे नंतर आलेल्या पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या भागात, जुने हिशेब मोडीत आहेत. तिथे मोडी वाचणारा माणूस सोबत हवा.

राहिले मुंडकार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत झोपडी बांधून राहिलेल्या या घरांचे नाव ना वांगडात, ना देवळाच्या महाजनांत, म्हणजे देवळाचे वंशपरंपरागत हक्कदार असलेल्यांत. १९६४ मध्ये कुळकायदा आला आणि १९७५ मध्ये मुंडकार कायदा. मामलेदाराकडे मुंडकारांची नोंदवही आली आणि कित्येक घरांचे नाव जमिनीशी जोडून पहिल्यांदा सरकारी कागदावर चढले. त्या वर्षांच्या मराठी दैनिकांत या कायद्यांवरची भांडणे, सभा, निवेदने छापलेली आहेत. मुंडकाराच्या नातीने ग्रंथालयात आधी मागावेत ते हे अंक.