ओळख, व्यावसायिक

नोकरीत किंवा धंद्यात पुढे सरकण्यासाठी माणूस ज्या ओळखी करून घेतो, वापरतो आणि राखतो त्यांचे जाळे. बोलण्यात ‘नेटवर्किंग’ किंवा नुसते ‘कॉन्टॅक्ट्स’. नात्यागोत्याच्या गोतावळ्यापासून ते वेगळे धरतात, मात्र सीमारेषा पुसट आहे.

‘ओळखणे’ हे क्रियापद बहुधा संस्कृत ‘उपलक्ष्’वरून (नजरेने टिपणे, खुणेने जाणणे) आले असावे. ‘अवलक्ष्’ हेही मूळ मांडता येते. ‘नवनीता’चे ‘लोणी’ होताना ‘अव’चा ‘ओ’ झालाच आहे. तरी प्राकृतातील ‘उवलक्ख’ हे रूप आणि अर्थाची जवळीक पाहता पहिली व्युत्पत्ती अधिक पटते. गुजराती ‘ओळखवुं’ याच कुळातले. ‘वशिला’ मात्र परका: अरबी ‘वसीला’, म्हणजे एखाद्याच्या जवळ पोचण्याचे साधन. मूळ शब्दात निंदा नव्हती. मराठीत ‘वशिल्याचे तट्टू’ रूढ झाले आणि शब्द कायमचा डागाळला. ढोबळमानाने, ओळख मुलाखतीपर्यंत नेते आणि वशिला मुलाखतीचा निकाल ठरवतो, असा भेद करतात. प्रत्यक्षात तो नेहमी टिकत नाही.

अभ्यासाची सुरुवात सहसा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या 1973 च्या निबंधापासून धरतात. अमेरिकेतील न्यूटन या उपनगरात ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, की ती ओळखीची व्यक्ती त्या काळात किती वेळा भेटत असे. ‘वारंवार’ 16.7 टक्के, ‘अधूनमधून’ 55.6 टक्के, ‘क्वचित’ 27.8 टक्के. जिवलगांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते, असा त्यांचा निष्कर्ष. हे आकडे अवघ्या 54 जणांचे आहेत, ही गोष्ट पुढच्या लेखनात बरेचदा गळते. यानजिये बियान यांनी 1997 मध्ये चीनच्या त्यानजिन शहरावरून उलट बाजू मांडली: नोकऱ्या सरकार वाटते तेथे बातमीपेक्षा शब्द टाकणारा माणूस महत्त्वाचा, आणि शब्द टाकतो तो जवळचाच.

‘लिंक्डइन’ या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळाच्या सुमारे 2 कोटी सदस्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष 2022 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले. अगदी परक्या आणि अगदी जवळच्या यांच्या मधल्या, बेताच्या ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. संगणकावर अधिक विसंबलेल्या उद्योगांत कमकुवत ओळखी सरस, इतरत्र घट्ट. प्रस्तुत लेखकाला हा मध्यममार्ग अधिक ग्राह्य वाटतो, कारण पुण्यात दोन्ही प्रकारचे उद्योग शेजारी नांदतात.

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत ओळखीचे चलन म्हणजे ‘रेफरल’. कधीकाळी एकाच प्रोजेक्टवर असलेल्या सहकाऱ्याचा व्हॉट्सॲपवर संदेश येतो: सीव्ही, सध्याचा सीटीसी (कंपनीला पडणारा वार्षिक पगारखर्च), अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड. तो कंपनीच्या पोर्टलवर चढवायला पाच मिनिटे लागतात, आणि उमेदवार रुजू होऊन ठरलेले महिने टिकला तर रेफर करणाऱ्याला बोनस मिळतो. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपांत हे चालत नाही. आपल्या मशीनवर लोड जास्त झाला की मालक ड्रॉइंग घेऊन शेजारच्या गाळ्यात जातो. माप चुकले तर पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, आपल्याला धरणार, म्हणून जॉब, म्हणजे घडवायचा भाग, जाणत्या हातातच जातो. येथे घट्ट ओळख लागते, आणि खंडेनवमीला यंत्रपूजेच्या पेढ्यांसाठी कोणाला बोलावले यावरून ती कळते.

संस्थांची परंपरा जुनी आहे. सार्वजनिक सभा (1870) आणि वसंत व्याख्यानमाला (1875) यांचे हेतू वेगळे होते. तरी वकील, शिक्षक, सरकारी नोकर एकमेकांना भेटत ते अशाच ठिकाणी. उद्योजकांसाठी मराठा चेंबर 1934 मध्ये निघाले. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात निघालेल्या ‘बीएनआय’ या व्यावसायिकांनी एकमेकांना कामे मिळवून देण्याच्या संघटनेच्या धर्तीच्या सकाळच्या बैठका आता पुण्यातही भरतात: एका गटात एका व्यवसायाचा एकच सदस्य आणि प्रत्येकाला मिनिटभर ओळख करून द्यायची मुभा.

जाळे ज्यांना आत घेते त्यांच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे, बाहेर राहिलेल्यांविषयी कमी. मुन्शी आणि रोझेनत्स्वाइग यांचा मुंबईच्या दादर भागातील अभ्यास (2006) येथे महत्त्वाचा. जातीच्या ओळखीतून कामगारवर्गातल्या नोकऱ्या मिळत असल्याने कनिष्ठ मानलेल्या जातींतले मुलगे मराठी शाळांतच राहिले. त्या ओळखींचा उपयोग नसलेल्या मुली इंग्रजी शाळांकडे वळल्या. ओळख अडकवूनही ठेवते, याचा इतका स्पष्ट दाखला विरळा. पुण्यात 2005 मध्ये स्थापन झालेली ‘डिक्की’ ही दलित उद्योजकांची संघटना दुसऱ्या बाजूने हाच प्रश्न हाताळते. तयार जाळ्यात जागा नसेल तर स्वतःचे विणायचे, हा तिचा मार्ग.

ओळख टिकवण्याबद्दलचा उपदेश मुबलक, पुरावा बेताचा. लेव्हिन, वॉल्टर आणि मर्निगन यांनी 2011 मध्ये ‘सुप्त’ ओळखींचा, म्हणजे वर्षानुवर्षे संपर्क तुटलेल्यांचा, अभ्यास केला. अशांना पुन्हा गाठल्यावर मिळालेला सल्ला चालू ओळखींपेक्षा नवा असे, आणि जुना विश्वासही बराचसा शाबूत असे. दिवाळीला दोनशे जणांना एकच शुभेच्छाचित्र पाठवणे या व्याख्येत बसत नाही. ‘ओळखलंस का?’ असा चार वर्षांनी अवचित आलेला फोन मात्र बसतो.